भाकरीपुरता गॅस

दुष्काळाच्या त्या वर्षी लातुरात आमच्या शेजारचे काका भेटेल त्याला विचारायचे, "इंडक्शन बरं का गॅस?" उत्तर पुरतं ऐकायच्या आधीच म्हणायचे, "अन् भाकरीचं काय?" मला गंमत वाटायची. शेवटी त्यांनी इंडक्शन आणलं. काकू गॅस बंद करायचं विसरू लागल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. पण इंडक्शनवर ज्वारीची भाकरी फुगेना, तशा काकू रडकुंडीला आल्या. काकांनी भाकरीपुरती गॅसची शेगडी पुन्हा मांडली.

एका दुपारी टँकर आला. सगळी गल्ली घागरी घेऊन धावली. मी खिडकीतून काकांना हाक मारली. सिलिंडरशेजारी पाट टाकून बसलेले काका उठलेच नाहीत.

"तुमी भरा," ते म्हणाले, "हिच्या भाकरी चालू हायत."