शिट्टीविना भात

सून घरात येऊन दीड महिना झाला होता, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. ती साडेसहाला ऑफिसातून यायची, हातपाय धुऊन स्वयंपाकघरात शिरायची आणि सातला टेबलावर दुधासायीत मुरलेल्या पांढऱ्या भाताचा वाडगा हजर. कुकरची शिट्टी नाही, गॅस पेटल्याचा आवाज नाही. माझ्या वांग्याच्या तिखट रश्शाशेजारी तो भात आला की यांचा हात आधी तिकडंच जायचा. "लई भारी झालाय," म्हणायचे. माझ्या भाताला इतक्या वर्षांत कुणी भारी म्हटलं नव्हतं.

मी औरंगपुऱ्यातल्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली. कॉपी केलेला पेपर मी लांबून ओळखायचे. सुनेच्या खांद्यावरच्या पिशवीत डबा सहज मावला असता. हॉटेलातून आणते आणि माहेरून आणलेल्या त्या मायक्रोवेव्हमध्ये नुसता गरम करते, असं मी मनाशी पक्कं केलं.

दोन दिवस सकाळी घंटागाडी यायच्या आधी कचऱ्याची पिशवी सोडून बघितली. कांद्याची सालं, चहाचा चोथा, दुधाच्या पिशव्या. डबा नाही. म्हणजे ऑफिसात नेऊन टाकत असणार! त्या संध्याकाळी एक चमचा चाखून विचारलं, "आज चव वेगळी लागते गं?"

"काल चीज जास्त पडलं होतं, आई."

उत्तर इतकं पटकन आलं, की मला ते तयार ठेवलेलं वाटलं.

गुरुवारी मी मेथी निवडायच्या निमित्तानं स्वयंपाकघराच्या दारातच बसले. ती म्हणाली, "आई, दारात कशाला? आत या ना."

माझ्यासमोर तिनं तांदूळ धुतले, काचेच्या खोल भांड्यात दुप्पट पाणी घालून मायक्रोवेव्हमध्ये ठेवले. पंधरा मिनिटांनी भांडं काढलं, दूध, घोटलेली साय, किसलेलं चीज, मिरपूड घातली, ढवळलं आणि पुन्हा दोन मिनिटं आत. झालं.

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. बजाजनगरला खोली घेऊन राहायचो आम्ही चौघी. घरमालकीण गॅस ठेवू द्यायची नाही. शिफ्ट सुटेपर्यंत मेस बंद झालेली असायची. मग चौघींनी मिळून जुना मायक्रोवेव्ह घेतला. आईला मात्र फोनवर सांगायचे, मेसचं जेवण छान असतं म्हणून."

मी मेथीची पानं उगाच चाळत राहिले. ती भांडं पुसत होती. मग वर न बघताच म्हणाली, "कचऱ्याची पिशवी तुम्ही सोडून बघता ना? मी एक गाठ मारते, तुम्ही दोन."

माझे कान तापले.

"मला वाटलं, मी अन्न टाकते का ते बघताय. म्हणून भूक नसली तरी ताट संपवत होते."

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हॉटेलातनं आणतेस असं वाटलं मला. चुकलं माझं."

ती आधी हसली, मग तिनं डोळे पुसले. "हॉटेलवाले इतकी साय घालतात व्हय?"

त्या दिवशी मी तो भात दोनदा वाढून घेतला. खरंच छान होता. ती मात्र शेवटच्या घासापर्यंत माझ्या तोंडाकडं बघत होती, आवडला म्हणून खाते की तिचं मन राखायला, हे ताडत.