साठ हजार किलोमीटरचे टायर

बॅटरीच्या गाडीला आवाज नसतो असं लोक म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे बाकीचे सगळे आवाज उघडे पडतात. डिकीत लोळणाऱ्या पाण्याच्या बाटलीचा, सीटच्या कुरकुरण्याचा आणि सगळ्यांत जास्त टायरचा. गाडी घेतली तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी हसून सोडून दिलं असतं, कारण तेव्हा आमच्या घरात आवाजाची कमतरता नव्हती.

माझे पती जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत चालवायचे. सकाळी धान्याच्या ढिगाशी उभे राहून हर्राशीत भाव पुकारायचे, आणि तो आवाज चार दुकानं ओलांडून जायचा. घरातही त्यांची पट्टी तीच. केदारखेडा हे त्यांचं गाव. गावाकडच्या भावकीशी फोनवर बोलायला लागले की मी म्हणायचे, फोन कशाला लावता, खिडकी उघडा, तसंच ऐकू जाईल केदारखेड्याला. लग्नाच्या बावीस वर्षांत मी त्यांना सगळ्यात जास्त वेळा काय म्हटलं असेल तर 'हळू बोला.' ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

घशात गाठ निघाली. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, स्वरयंत्राचा मोठा भाग काढावा लागला. माणूस घरी आला, आवाज मागे राहिला. उरली ती कुजबुज. समोरच्याने श्वास रोखून ऐकावं तेव्हा एकेक शब्द हाती लागायचा.

वर्षभराने तपासणीत दुखणं फुप्फुसात उतरलेलं दिसलं. डॉक्टरांनी मला आणि माझ्या धाकट्या दिराला आत बोलावलं. हे बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टर महिन्यांच्या भाषेत बोलले, वर्षांच्या नाही. केबिनच्या दारातच दीर मला म्हणाला, "वहिनी, दादाला न्हाई सांगायचं. बिलकुल न्हाई. माणूस खचून जातंय." मी मान हलवली. आमच्याकडे असंच चालतं. आजाऱ्याला सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक असतं, आणि त्याच्यासमोर सगळे हसऱ्या तोंडाने बसतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

जुन्या जालन्यातल्या आमच्या घरात तेव्हा माणसांची रीघ असायची. केदारखेड्याहून जीप भरून लोक यायचे, बिस्किटांचे पुडे आणि शहाळी घेऊन पलंगाभोवती बसायचे. "आता बराबर हून जातंय, काळजी करू नका," म्हणायचे आणि चहा पिऊन उठायचे. सासूबाई दिवसभर पलंगाच्या पायथ्याशी. आजाऱ्याला एकटं सोडायचं नाही ही सगळ्यांची माया, पण त्या मायेपायी आम्हा नवराबायकोला दोन शब्द बोलायला जागा उरली नव्हती. मी त्यांना लिहायला वही दिली होती. घरातला जो येईल तो वही उचलून वाचतो हे दिसल्यावर त्यांनी ती कपाटावर फेकून दिली.

त्यामुळे आमची जागा एकच, गाडी. ती मी माझ्यासाठी घेतली होती, अंबडच्या शाळेत रोज जायला. मी तिथे गणित शिकवते. आता दर गुरुवारी रजा टाकून ह्यांना औषधाच्या डोससाठी संभाजीनगरला न्यायचं काम तिच्याकडे आलं. सोबत यायला घरातलं कुणी ना कुणी तयार असायचं, पण ह्यांनी हाताने साफ नकार दिला. फक्त मी.

समृद्धी महामार्गावर चढलो की ते बोलायला लागायचे. मोंढ्यातल्या हमालांच्या नकला, हरभऱ्याचे भाव, शाळेत खाल्लेला मार, आणि एकदा तर आमच्या लग्नात माझ्या मामांनी घातलेला गोंधळ. तेव्हा गाडीचे कंपनीचे टायर होते, मऊ आणि गप्प. काचा वर करून गाडी ऐंशीवर ठेवली की त्यांची कुजबुज मला स्वच्छ ऐकू यायची. बावीस वर्षांत हा माणूस माझ्याशी इतकं बोलला नव्हता. आम्ही मरणाच्या वाटेवर होतो आणि मी त्या गुरुवारची वाट बघायचे, हे खरं आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

पण बॅटरीची गाडी जड असते आणि उचलही जोरात घेते. त्यात अंबडचा रस्ता. तीस हजार किलोमीटरांत चारही टायर गोटा झाले. नक्षी म्हणून राहिली नाही.

शनिवारी दुपारी आम्ही टायरच्या दुकानात गेलो. घरात बसून कंटाळले म्हणून हेही आले, गळ्याला मफलर गुंडाळून. दुकानदार पन्नाशीचे, घरात उर्दू बोलणारे, वडिलांपासून टायरचाच धंदा. त्यांनी दोन टायर शेजारी शेजारी उभे केले.

"मॅडम, बॅटरीच्या गाडीला दोन गोष्टी एकत्र भेटत न्हाई," ते म्हणाले. "चुप टायर पाहिजे तर रबर नरम. आतून फोम लावून येतंय, हात घालून बघा. पण गाडी वजनदार, जल्दी घासणार. पंचवीस हजार, फार तर तीस. हा दुसरा कडक. साठ हजार आरामात जाईल. पण आवाज करणार. सिमेंटच्या रोडवर गुणगुण राहणारच, आधीच सांगून राह्यलो."

मी चुप टायर घ्यायलाच आले होते. घरून निघतानाच माझं ठरलेलं होतं. हेही प्लास्टिकच्या खुर्चीतून उठले, नरम टायरच्या आत हात घालून फोम दाबून पाहिला आणि माझ्याकडे बघून बोटाने दाखवलं, हा. झालं, गोष्ट तिथेच मिटायला हवी होती.

मग दुकानदाराने विचारलं, "गाडी अजून किती वर्षं चालवायची? साल-दीड सालाचाच मामला असंल तर नरम घ्या, काही हरकत न्हाई. लंबा चालवायची तर कडक."

त्या बिचाऱ्याला काय माहीत. तो टायरबद्दल विचारत होता. माझ्या मात्र कानात तेवढंच राहिलं. साल-दीड सालाचा मामला. आणि ह्यांनी स्वतःच्या बोटाने तोच टायर दाखवला होता. मला वाटलं, ह्यांना कळलंय. कळलंय म्हणून हे कमी आयुष्याचा टायर मागताहेत. इतके महिने सगळ्या घराने तोंड शिवून जे सांभाळलं ते इथे, रबराच्या वासात, माझ्याच 'हो'ने उघडं पडणार.

"कडक द्या," मी म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी मोठ्याने हिशोब केला. महिन्याला इतकं अंतर, सुट्ट्या वजा, म्हणजे साडेतीन वर्षं बघायला नको. "आणि पुढच्या वर्षापासून तुम्ही चालवा, माझे हात दुखतात," असं ह्यांना हसत हसत म्हणाले. वर्गात फळ्यासमोर उभं राहून बोलावं तसं बोलत होते मी.

त्यांनी पुन्हा नरम टायरकडे बोट केलं. मी पाहिलं आणि दुकानदाराकडे वळले. जॅक लागला, जुने टायर निघाले. ते खुर्चीत बसून राहिले, माझ्याकडे न बघता. मला वाटलं, थकले असतील.

पुढच्या गुरुवारी समृद्धीवर चढलो आणि तो आवाज सुरू झाला. फार मोठा नव्हे. धडधाकट माणसं बोलत असतील तर लक्षातही येणार नाही असा. पण एकसारखा, खालून येणारा, आणि नेमका ह्यांच्या कुजबुजीच्या उंचीचा. त्यांचे ओठ हलत होते आणि मला गिरणीत उभं असल्यासारखं वाटत होतं. गाडी हळू केली तर मागून ट्रक अंगावर येतात, आणि त्या रस्त्यावर मध्येच थांबता येत नाही. जुन्या बदनापूरच्या रस्त्याने एकदा नेऊन पाहिलं, तर गचक्यांनी त्यांना खोकल्याची उबळ आली ती दवाखान्यापर्यंत थांबली नाही.

पहिल्या दिवशी मी चार वेळा विचारलं, "काय म्हणालात?" प्रत्येक वेळी त्यांना तेवढंच पुन्हा घशातून ओढून काढावं लागायचं. मानेच्या शिरा फुगायच्या, डोळ्यांत पाणी यायचं. चौथ्या वेळी त्यांनी हात झटकला, जाऊ दे. त्या झटकलेल्या हाताने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या आठवड्यापासून मी मान डोलवायला लागले. ओठ थांबले की 'हो.' भुवई वर गेली की 'खरंय.' खांदे हलले की हसायचं. थोड्याच दिवसांत मी यात तरबेज झाले. ते खूश दिसायचे. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालायचे आणि पुढच्या वळणावर पुन्हा 'हो' म्हणायचे.

टायर बदलून घ्यावेत म्हणून मी दुकानदाराला फोनही केला होता. "मॅडम, नवे कोरे टायर कोण काढतंय?" ते म्हणाले, पण देतो म्हणाले. मीच मागे सरले. ह्यांना कारण काय सांगणार? तुमचं बोलणं मला ऐकू येत नाही, इतकं साधं वाक्य. पण ते म्हटलं की इतक्या आठवड्यांचं माझं नाटक उघडं पडणार. ते ज्या ज्या गोष्टी बोलले त्या हवेत गेल्या, हे त्यांना कळणार. एक खोटं झाकायला दुसरं, आणि दुसरं झाकायला गप्प बसणं. मी भित्री आहे. हे मला तेव्हा नीट कळलं.

एकदा परतताना ते फार वेळ बोलले. समोर रस्त्याकडे बघत, हात मांडीवर ठेवून, मध्ये मध्ये दम घेत. चेहरा शांत होता. मग माझ्याकडे वळून त्यांनी काहीतरी विचारलं. प्रश्न होता, एवढं डोळ्यांवरून समजलं. मला वाटलं, विचारत असतील, मी बरा होईन ना. मी म्हणाले, "हो." त्यांनी तेच पुन्हा विचारलं. या वेळी मी जरा ठासून म्हणाले, "हो हो, नक्की." त्यांनी स्टिअरिंगवरच्या माझ्या हातावर हात ठेवला. मग सीट मागे करून डोळे मिटले आणि जालना येईपर्यंत झोपले. इतकी गाढ झोप त्यांना कित्येक दिवसांत लागली नव्हती. मला वाटलं, आज आपण एक चांगलं काम केलं.

त्यानंतर वीसेक दिवसांनी, भर दुपारी, त्यांना श्वास घेता येईना. दीर मोंढ्यात होता. मी आणि माझ्या जावेने मिळून त्यांना गाडीत घातलं. त्यांनी दाराची चौकट धरून ठेवली होती, मी एकेक बोट सोडवलं. जाऊ मागे बसली. वाटेत त्यांनी माझं मनगट पकडलं, मान जोरजोरात हलवली, ओठ हलवले, तीनदा, एकच काहीतरी. मी म्हणाले, "हो हो, पोचतोच आपण." मग त्यांनी मनगट सोडलं आणि तोंड खिडकीकडे केलं.

दवाखान्यात घशातून नळी घातली. त्यांनी नळी ओढू नये म्हणून हात पलंगाला बांधले. भेटायची वेळ झाली की मी आत जायचे, त्यांच्या कपाळावर हात ठेवायचे, आणि ते डोळे मिटून घ्यायचे. सासूबाई आल्या तर उघडायचे, भाऊ आला तर उघडायचे. मला नर्स म्हणाली, औषधांची गुंगी असते. मी ते मानलं. चौथ्या दिवशी सकाळी गेले.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. दीर माझ्यासमोर येऊन बसला. बराच वेळ सतरंजीचा काठ दुमडत राहिला.

"वहिनी, एक विचारू? राग नका मानू," तो म्हणाला. "दादाला सगळं माहीत होतं. मलाच बोलला होता. म्हणे, तुझ्या वहिनीला गाडीत सांगून टाकलं, शेवटाला दवाखान्यात नेऊ नको, नळ्या घालू देऊ नको, घरीच राहू दे. म्हणे, दोनदा विचारलं, दोनदा हो म्हणली. लई हलकं वाटून राह्यलंय म्हणत होता. हे आमच्या नवराबायकोतच राहू दे म्हणला, म्हणून मी गप्प राह्यलो. मोंढ्यातून दवाखान्यात पोचलो तवर नळी घातलेली होती." त्याने सतरंजी सोडली. "मंग तुम्ही नेलं का?"

मी मग जे खरं होतं तेच सांगितलं. "मला ऐकू आलं नव्हतं. टायरचा आवाज होता."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा विश्वास बसला नाही. "असंल," म्हणाला आणि उठून गेला. आता घरात सगळ्यांना तेच वाटतं, की मी शब्द दिला आणि ऐन वेळी मोडला. त्यांचं काय घेऊन बसायचं, त्यांना मी कधीतरी पटवीनही. पण ते चार दिवस, हात बांधलेले असताना, ह्यांनाही तेच वाटत होतं.