हात न लावता

भाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सांडोर गावातल्या आपल्या वाडीत, केळींच्या मधल्या पाटाशेजारी, पोटावर पालथे पडले होते. पांढरा लेंगा, पांढरी बंडी आणि एक गाल मातीला टेकलेला. मी विरारहून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घ्यायला आलो होतो. म्हातारा घेरी येऊन पडला अशी माझी खात्रीच झाली. विहिरीजवळची भरलेली कळशी उचलली, धावत गेलो आणि त्यांच्या डोक्यावर रिकामी केली.

"पानी कशाला वततो रे?" ते न उठता म्हणाले. "सावली काढ ती. दगड दिसत नाय."

तेव्हा कुठे मला ती गाडी दिसली. वीतभर उंचीची, चार फुगीर टायरांची, रिमोटवर चालणारी. भाऊंच्या नाकासमोरच्या एका काळ्या दगडावर ती मुंगीच्या पावलांनी चढत होती. एक चाक हवेत, दुसरं दगडाच्या खाचेत. मी ओला म्हातारा विसरून तिच्याकडेच बघत राहिलो. ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. असल्या गाड्यांचा छंद कुणी करतं हे आमच्याकडे कुणाला ठाऊकही नव्हतं.

मोरेश्वर राऊत त्यांचं नाव, पण सगळे भाऊच म्हणत. वाडी वडिलोपार्जित, आणि नोकरी एका कारखान्यात टर्नर म्हणून केलेली. निवृत्त झाल्यावर आखातातल्या भाच्याने त्यांना रिमोटची गाडी पाठवली. ती पिसाळलेल्या कुत्र्यासारखी पळायची. आठवडाभरात दोन केळींची रोपं आडवी झाली आणि त्यांच्या बायकोने, काकूंनी, गाडी विहिरीत टाकायची धमकी दिली. भाऊंनी ती उघडली, ओळखीच्या गाळ्यातल्या लेथवर पितळेची नवी दातेरी चाकं कातली आणि तिचा वेग पार उतरवून टाकला. एक चाक उचललं गेलं की सगळी ताकद त्याच चाकात वाया जाते, म्हणून चारही चाकं बरोबरीने फिरतील अशी आतली जोडणी पक्की केली. जुन्या गादीचा स्पंज कापून टायरांत भरला. पुढच्या चाकांत, कोळ्यांच्या जाळ्याला असतात तसल्या शिशाच्या गोळ्या बसवल्या.

"पुढचा पाय जड पायजे," ते म्हणत. "नायतर तोंड वर करते."

त्या दिवशी त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. मी मूळचा साताऱ्याकडचा, स्वभावाने उतावळा, एका पतपेढीत नोकरीला. खटका पूर्ण दाबला. गाडीने उडी मारली आणि ती पाटात उलटी पडली.

"कोन मागं लागलंय तुझ्या?" भाऊंनी विचारलं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो आणि मग जातच राहिलो. सुकेळी हा नुसता बहाणा होता. बायको म्हणाली, "डबा भरून वाहतोय, आता तरी खरं सांगा." महिन्याभरात मुंबईहून रिमोटची एक जुनी गाडी घेऊन आलो. भाऊंनी ती माझ्याकडूनच उघडून घेतली, स्वतः पाना धरला नाही. तीन रविवार लागले. शेवटी मी हौसेने तिच्या टपावर तारेचा कॅरियर केला, वर काड्यापेटीच्या ट्रंका आणि एक इवलासा पत्र्याचा डबा बांधला. दिसायला काय रुबाब! पहिल्याच दगडावर कोलांटी.

भाऊ हसून हसून खोकले. "मुंडक्यावर बोजा घेतला का मानूस पन पडतो. वजन खाली ठेव."

चढाईआधी ते मला पोटावर झोपायला लावत. "उभ्यानं बघितलं का समदं सोपं वाटतं. गाडीच्या डोल्यानं बघ. आधी दगडाशी वलख कर, मंग चाक घाल." विरारच्या सोसायटीत मी मिजाशीत राहणारा माणूस, इथे मुंग्या चावून घेत पालथा पडलेला असायचो. आणि खरं सांगतो, आठवड्यातला तेवढाच वेळ माझं डोकं शांत असायचं.

त्यांचा एकच कडक नियम होता. गाडीला हात लावायचा नाही. अडकली तर तिच्याच चाकांनी मागे घ्यायची, जागा बदलायची, पुन्हा घालायची. "हात लावला का तू चढलास, गाडी नाय."

विहिरीच्या डोणीपाशी गुडघ्याएवढा एक दगड होता. त्याला ते सासरा म्हणत, कारण "कितीबी करा, खूश होत नाय." सात-आठ महिन्यांनी माझी गाडी सासऱ्याच्या माथ्यापासून चार बोटांवर पोचली आणि मागे कलायला लागली. नकळत माझा हात गेला, बोटभर आधार लागला, गाडी वर! मी आरोळी ठोकली.

"उतरव," भाऊ म्हणाले. "परत."

"भाऊ, बोटच तर लागलं!"

"परत."

मला इतका राग आला की गाडी पिशवीत कोंबून निघून आलो. दोन रविवार फिरकलो नाही. तिसऱ्या रविवारी मुकाट्याने जाऊन पालथा पडलो. त्याच संध्याकाळी गाडी चढली, हात न लावता. शाबासकीची वाट बघत मी वर पाहिलं.

"आता उतरव," ते म्हणाले. "उतरनं कठीन."

मग एका पावसाळ्यात भाऊंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. त्यांची मुलगी सुनंदाताई विरारला सहाव्या मजल्यावर राहायची. तिने त्यांना आणि काकूंना तिकडे नेलं. लिफ्ट होती, डॉक्टर जवळ, सगळं सोयीचं. भाऊ गॅलरीत बसून खालच्या टपऱ्या बघायचे. मी त्यांची गाडी नेऊन दिली. ते उशांवरून ती चालवायचे, डाव्या अंगठ्याने. तीन-चार महिन्यांत काठी घेऊन चालायला लागले आणि रोज एकच धोशा, "मला घरी सोड."

सुनंदाताईने अखेर अट घातली. सांडोरच्या घराच्या पडवीला तीन उंच दगडी पायऱ्या होत्या. "त्या कुणाच्या आधाराशिवाय चढलात तर राहा. नाही तर त्याच रिक्षाने परत, आणि पुन्हा वाडीचं नाव काढायचं नाही." भाऊ "बरं" म्हणाले.

त्या रविवारी मीही गेलो होतो. रिक्षा फाटकाशी उभी, काकू आधीच पडवीत, पदर तोंडाशी धरून. भाऊ पायऱ्यांसमोर थांबले आणि नुसते बघत राहिले. दोन मिनिटं झाली, चार झाली. सुनंदाताईला वाटलं, ते घाबरले. मला मात्र कळलं होतं, ते काय करताहेत. खाली झोपता येत नव्हतं, एवढंच.

डावा पाय वर, काठी वर, उजवा ओढून घेतला. एक झाली. दुसरीला उजवा पाय कडेला अडकला आणि भाऊ मागे कलले. माझा हात पुढे गेला.

"हात," ते म्हणाले. मागे वळून न बघता.

मी हात खिशात घातला. भाऊ सावकाश पाय मागे घेत पुन्हा खाली अंगणात आले.

"बाबा, पुरे आता," सुनंदाताई रडवेली होऊन म्हणाली.

ते भिंतीच्या बाजूला सरकले. पावसाच्या धारेने तिथे पायऱ्यांची कड झिजून बोटभर खाली गेली होती. आम्ही सगळे कितीदा त्या पायऱ्या चढलो होतो, कधी लक्षात आलं नव्हतं. भाऊ आडवे उभे राहिले, खांदा भिंतीला लावला. एक. बराच वेळ थांबले. दोन. उजवा पाय दोनदा कडेवरून निसटला, तिसऱ्यांदा टेकला. तीन.

ते पडवीतल्या बाकावर बसले. घामाने बंडी पाठीला चिकटली होती. काकू मोठमोठ्याने रडत होत्या, माझेही डोळे भरले होते.

"रडता काय?" भाऊ धापा टाकत म्हणाले. "अजून उतरायचं हाय. उतरनं कठीन."

पुढे पाच वर्षं ते त्या पायऱ्या रोज उतरले आणि चढले, आणि गेले तेही त्याच घरात. पण मला आठवते ती दुपार. सुनंदाताई डोळे पुसत फाटकाशी गेली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "जा तुम्ही." रिक्षा वळून दिसेनाशी झाली, तरी माझा हात खिशातच होता.