दिग्गीच्या अडतीस ओळी

माझं झेरॉक्सचं दुकान कर्नाटकात, जोयड्यात सरकारी कचेरीच्या समोर आहे, त्यामुळे हरून बाहेर येणारी माणसं मला चेहऱ्यावरून कळतात. रक्षिता वेळीप पायऱ्या उतरली तेव्हा मी मनात म्हटलं, ही गेली. माझा अंदाज इतका सपशेल कधीच चुकला नव्हता.

ती दिग्गीची, कुणब्याची पोर. रामनगरला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गाड्यांच्या याद्या करते. त्या दिवशी गावच्या जमीनहक्काची यादी घेऊन आईबरोबर, म्हणजे फुलाबरोबर, सकाळच्या बसने आली होती. अडतीस शेतं, अडतीस ओळी. ओळीत आधी शेताचं नाव, पुढे माणसाचं. कारकुनाने यादी परत केली. का, तर गेल्या वर्षीच्या पाहणीत 'वडाची मळी' या शेतापुढे लखू होता आणि यंदा चंद्रा आहे. म्हणजे दिग्गीवाले खोटारडे!

खोटं काडीचंही नव्हतं. दिग्गीत भावाभावांत शेताचे तुकडे करत नाहीत. अख्खं शेत एका वर्षी एकाने करायचं, पुढच्या वर्षी दुसऱ्याने. सालपाळी म्हणतात तिला. "शेत कुणाचं?" असं विचारलं की माणूस यंदा करणाऱ्याचं नाव सांगतो, आणि गेल्या वर्षी पाहणीवाल्याने तेवढंच लिहून घेतलं, यंदा रक्षितानेही. लखू हा रक्षिताचा बाप, होळीनंतर वारला. चंद्रा तिचा काका. पुढचं साल फुलाचं. यादीत एकटा चंद्रा राहिला असता तर कागदावर फुलाचा त्या मळीवर काही हक्कच उरला नसता.

कारकून मागोमाग चहाला बाहेर आला. त्याला दया आली, की झोपमोड झाल्याचा राग, देव जाणे. धाकट्या बहिणीला कानडीत हाक मारावी तसं म्हणाला, "तंगी, एका शेताला एकच नाव. वडाच्या मळीला तुझ्या आईचं टाक, आयतु, झालं काम. बाकीच्यांचं बाकीचे बघतील. पाचला मी जाणार, उद्यापासून यादी घेणार न्हाई."

मीही शहाणपणा केला. "पोरी, आयतं पदरात पडतंय, घे." आज त्याची मला लाज वाटते.

"अण्णा, काकाला काढून आईला घालू व्हय? पाहणीवाल्यानं नावं गाळली म्हणून भांडायचं, आन् आपण तेच करायचं? सगळी नावं आत जातील. अडतीसच्या अडतीस ओळींत."

माझ्याच बाकड्यावर तिने लॅपटॉप उघडला. झाकणाला चीर गेलेली, रबराने बांधलेलं. फुला बोलत गेली आणि ती दुसऱ्या फायलीत लिहीत गेली: शेत, मग कुणानंतर कोण. फुलाने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण लावणीला ती त्या प्रत्येक शेतात वाकलेली. एक वाजला, तरी बाई एकदाही अडखळली नाही.

"आता एकेक ओळ शोधून बदलणार?" मी विचारलं.

"न्हाई. shet आन् nave अशी दोन नावं ठेवायची. दुसऱ्या फायलीतली ओळ वाचली की शेत ह्यात, माणसं त्यात. हुकूम एकच, आतलं बदलत जातंय. आमच्या सालपाळीगत." आणि तिने तो हुकूम टाइप केला:

sed -i '/^$shet:/s/:.*/: $nave/' yadi.txt

मी कागद काढला. यादी जशीच्या तशी! वडाची मळी: चंद्रा. ना चूक दाखवली, ना काम केलं. मशीनही कचेरीला सामील, मी म्हटलं. ती हसली नाही. तीन वाजत आले तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला.

"एकेरी अवतरणचिन्हांत टाकलं मी. तिथं मशीन आत बघतच न्हाई. डॉलरसकट shet हीच अक्षरं यादीत शोधत बसतंय, ती सापडणार कुठं? दुहेरीत टाकलं की आधी विचारतंय, ह्या नावामागं आत्ता कोण हाय. पाहणीवाल्यानं विचारलं न्हाई, तसंच हे." बोलता बोलता तिने दोन खुणा बदलल्या:

sed -i "/^$shet:/s/:.*/: $nave/" yadi.txt

या वेळी कागद भरून आला. कुठे दोन नावं, कुठे चार. वडाची मळी: चंद्रा, फुला. मला इतका आनंद झाला की दुकान उघडं टाकून मी त्यांच्यामागे कचेरीत गेलो.

कारकुनाने यादी दोन बोटांत धरली. "चार चार नावं? रकाना केवढा आहे, बघितलं काय?"

"रकाना तुमचा हाय साहेब, शेतं आमची," रक्षिता म्हणाली. " चुकलं असलं तर काय चुकलं ते लिहून द्या, खाली सही करा. न्हाईतर शिक्का मारा."

तो सही करणारा नव्हता. तो फुलाकडे वळला, आवाज मऊ करून. "अम्मा, तू खरं सांग. वडाची मळी कुणाची?"

"यंदा चंद्राची," फुला म्हणाली.

ज्या उत्तराने सगळं बिघडलं तेच उत्तर! कारकून हसून यादी परत करू लागला, तोच फुलाने तिच्यावर पंजा ठेवला.

"माझं फुडं ऐकायचं हाय अजून. फुडच्या साली माझी. त्याच्या फुडं परत चंद्राची. असं शंभर वर्सं इचारलंस तरी सांगीन. तू एकदाच इचारतोस, ही तुझी चूक."

चार वाजून दहा मिनिटांनी शिक्का बसला. शिक्क्याच्या यादीच्या मी अडतीस प्रती काढून दिल्या, प्रत्येक शेताला एक.