सायकलच्या पेटीचे चार नट

माझी पहिली सायकल चोरीला गेली तेव्हा कुलूप तुटलं नव्हतं. साखळीही शाबूतच असणार, कारण दोन्ही सायकलबरोबरच गेली. चोरानं उपटला होता तो जिन्याच्या कठड्याचा लाकडी दांडा. भोईवाड्यातली आमची चाळ जुनी, दांडा आतून पोखरलेला. दोन हिसक्यांत हातात आला असेल. मी चार दुकानं फिरून सगळ्यात जाड साखळी आणली होती, पण ती कशाला बांधतेय ते काही पाहिलं नव्हतं.

सायकल माझी हौस नव्हती. मी शिवाजी पार्कच्या एका लॅबमध्ये काम करते. सकाळी सहा ते नऊ घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. बहुतेक माणसं वयस्कर, उपाशीपोटी, चहाकडे डोळे लावून बसलेली. मी दहा मिनिटं उशिरा गेले तर त्यांचा सगळा दिवस बिघडतो. लॅबचा नियम साधा होता. स्वतःचं वाहन असेल त्याला फेरी, नसेल त्यानं आत काउंटरवर बसून पावत्या फाडायच्या. मला फेरीच हवी होती. दार उघडणारे एखादे आजोबा बाही वर करता करता विचारतात, "शिक्षण काय तुमचं?" आणि मी सांगते, "बीएस्सी. मग लॅबचा डिप्लोमा." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर लिफ्टमन झाले. त्यामुळे हा प्रश्न रोज कुणी विचारला तरी मला कंटाळा येत नाही. यात फुशारकी आहे, मला कळतं.

दुसरी सायकल आणली तेव्हा आईनं बजावलं, "ही पण गेली ना, तर गुमान काउंटरवर बसायचं. सारखं सारखं चोरांना देणगी द्यायला आपण काय ट्रस्ट उघडलाय?"

मी कबूल केलं. या खेपेला पेटी करायची ठरवली. सायकल उभी आत जाईल अशी, लोखंडी अँगलची चौकट आणि वर जाड पत्रा. ग्राफ पेपरवर चित्र काढलं. बिजागऱ्या आतल्या बाजूला, म्हणजे बाहेरून त्यांची पिन ठोकून काढता येऊ नये. कडी स्क्रूनं न बसवता वेल्डिंग करून घ्यायची. लालबागच्या फॅब्रिकेटरनं चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"मॅडम, तिजोरी करताय काय?"

"सायकल ठेवायचीय."

"मग सायकल राहील बाजूला. पेटीच उचलून नेतील. चार माणसं आली की झालं. भिंतीला आवळा तिला."

त्याचं म्हणणं पटलं. जागा एकच होती, तळमजल्यावर जिन्याखाली. चाळीच्या कमिटीनं परवानगी दिली. पण त्या जागेला एक इतिहास होता आणि तो आमच्याच घरातून सुरू झाला होता.

जिन्याला लागून पहिली खोली आहे, तिथे एक काकी राहतात. मालवणकडच्या. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्या खानावळ चालवायच्या, वीस-पंचवीस कामगार त्यांच्याकडे जेवायचे. खानावळ बंद झाल्यावर तिची मोठाली टोपं त्यांनी जिन्याखाली ठेवली होती. काही वर्षांपूर्वी माझ्या आईनं चाळीच्या मीटिंगमध्ये सांगितलं की त्या टोपांत उंदीर होतात. टोपं हलवावी लागली. घरात जागा नव्हती, काकींनी ती मोडीत घातली. तेव्हापासून त्यांचा आणि आईचा अबोला. नळावर समोरासमोर आल्या तरी दोघी बादलीकडे बघायच्या. माझ्याशी काकी बोलायच्या, पण गरजेपुरतं.

आणि आता त्याच जागेवर माझी पेटी आली.

एका रविवारी मी ड्रिल मशीन भाड्यानं आणली. माणूस बोलावला नाही. म्हटलं, भोकं पाडायला काय माणूस लागतो? बाहेरची भिंत मोजली होती, चांगली नऊ इंची. सगळ्या भिंती तेवढ्याच असं मी धरून चालले. जिन्याखालची भिंत नुसती तीन इंची, विटा आडव्या न लावता उभ्या रचलेली, हे मला कोण सांगणार? सांगणारी होती, भिंतीच्या पलीकडेच बसली होती. मी विचारलं नाही.

ड्रिल दाबली. थोडं गेली आणि एकदम सुळ्ळकन आत. पलीकडून आवाज आला.

"अगे बाय माझे! कोण तो?"

मी धावत गेले. काकी हातात चमचा घेऊन उभ्या होत्या. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याला बरोबर संकष्टीच्या चौकोनात भोक पडलं होतं. खाली भिजत घातलेल्या काळ्या वाटाण्यांवर विटेची लाल धूळ.

"काकी, चुकलं. मला वाटलं भिंत जाड आहे."

"माझ्या टोपांक उंदीर होत होते," काकी म्हणाल्या. "आता तुझी सायकल इली, तर ते उंदीर खंय गेले? गावाक?"

मी कॅलेंडरवरची धूळ झटकायला लागले.

"आणि कॉलेजात ह्या शिकवनत नाय काय, भिंतीच्या पलीकडे कोण रवता ता?"

"नाही काकी. नाही शिकवत."

मी वाटाणे धुऊन दिले.

खरी पंचाईत पुढेच होती. भोकात फास्टनर, म्हणजे आवळला की भिंतीत फुगून बसणारा बोल्ट, घालून पाहिला तर वीट भुगा होऊन गळायला लागली. असा फास्टनर हातानं ओढला तरी बाहेर येणार. पेटी त्या भिंतीला पक्की धरून ठेवायची तर एकच मार्ग होता. बोल्ट आरपार घालायचे, पलीकडच्या बाजूनं लोखंडी पट्टी लावायची आणि त्यावर नट आवळायचे. म्हणजे नट काकींच्या घरात. चोराच्या दृष्टीनं याहून अवघड काही नाही, कारण बाहेरून खोलायला काहीच राहत नाही. माझ्या दृष्टीनंही याहून अवघड काही नव्हतं.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "तिच्या भिंतीला हात लावायला मी विचारणार नाही हं."

"तुला कोण सांगतंय? मी विचारते."

"विचार. नाही म्हणेल."

संध्याकाळी जाऊन काकींना सगळं समजावलं. कागदावर चित्र काढून दाखवलं. पेटी गेली तर सायकल जाईल आणि सायकल गेली तर फेरी जाईल, हेही न लाजता सांगितलं. त्यांनी चित्र नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बघतंय. सांगतंय."

तीन दिवस काही सांगितलं नाही. ते तीन दिवस मी सायकल खांद्यावर घालून दुसऱ्या मजल्यावर नेत होते. पायऱ्या अरुंद, हँडल कठड्याला अडायचं, वरून येणाऱ्यानं पोट आत घेऊन भिंतीला चिकटायचं. आई दारात उभी राहून बघायची आणि काही बोलायची नाही. ती न बोलणंही मोठ्यानं करते.

चौथ्या दिवशी फेरी संपवून आले तर काकी पेटीपाशीच उभ्या होत्या.

"घाल बोल्ट. पण पट्टीक रंग दी, भिंतीसारखो. आणि नट आवळूक दुसरो कोण येवचो नाय. तूच ये."

"हो काकी."

"आणि तुझ्या आयेक सांग, नट माझ्या घरात आसत म्हणून."

मी वर जाऊन सांगितलं, शब्दाला शब्द. आई भाकरी थापत होती. "कळलं," म्हणाली. पुढची भाकरी जरा जोरात थापली गेली.

चार बोल्ट बसले. दर दोन-तीन महिन्यांनी मी पाना घेऊन काकींकडे जायची आणि नट आवळून यायची. जिन्यावरून माणसं धडाधड उतरतात, त्या हादऱ्यांनी ते थोडे ढिले होतातच. काकी शेजारी उभ्या राहून देखरेख करायच्या. "अजून एक फिरव." मी फिरवायची. मग वाटीत काहीतरी यायचं, कधी उसळ, कधी नुसता गूळ-खोबरं. खानावळीतले लोक कोण कसा जेवायचा ते सांगायच्या. एक जण म्हणे भात संपल्याशिवाय आमटी मागायचाच नाही. आईबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही, मीही नाही.

मार्चमध्ये एका सकाळी कुलूप उघडताना कडीपाशी ओरखडे दिसले. ताजे, पत्र्याची चमक बाहेर आलेली. कडी एका बाजूनं वाकवायचा प्रयत्न झाला होता. वेल्डिंग टिकलं होतं. पेटीही हलवून पाहिलेली दिसत होती, खालच्या लाद्यांवर घासल्याच्या खुणा होत्या, पण बोटभरसुद्धा सरकली नव्हती. तशीच फेरीला गेले, कारण लोक उपाशी बसले होते. परत आल्यावर काकींना विचारलं.

"काल दुपारी कोणतरी खटखट करी होतो," काकी म्हणाल्या. "माझी भिंत हालली. माका वाटला तूच. मी आतसून म्हटलंय, गे चेडवा, चावी विसारलंस काय? थांब, चाय टाकतंय."

"मग?"

"मग काय? खटखट बंद. चाय झाली तरी तुझो पत्तो नाय. दोन कप मीच प्यालंय."

मी हसत सुटले, ती भीतीच बाहेर पडत होती. खटखट करणारा चोर होता हे मी सांगितलं तेव्हा काकींना कळलं. मग त्या चोरापेक्षा माझ्यावरच चिडल्या, चहाला का आली नाहीस म्हणून.

वर येऊन आईला सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "ती एकटी होती घरात? दार उघडं असतं तिचं दुपारचं?"

"असतं."

"विचार तिला, कसा होता तो दिसायला."

"पाहिलाच नाही त्यांनी. आणि तूच विचार की."

आई उठून नळाला बादली लावायला गेली.

मे महिन्यात काकी दोन महिन्यांसाठी गावी निघाल्या, पुतण्याकडे लग्न होतं. मला आधी चिंता सायकलचीच. भिंतीपलीकडे आता हाक मारायला कुणी नाही, आणि नट ढिले झाले तर कुलूप लावलेल्या खोलीत. मी हे बोलले नव्हते. निघायच्या दिवशी काकींनी मला खाली बोलावलं. बॅग दाराशी, पायात चप्पल. हातावर त्यांच्या खोलीची चावी ठेवली.

"नट आवळूक आत कशी जातलंस? भिंतीतसून?"

"काकी, घराची चावी..."

"मग काय पेटीची दिव तुका? ती तुझ्याकडेच आसा." आणि टॅक्सीवाल्यावर ओरडत निघून गेल्या.

मी वर आले. आईनं माझ्या मुठीकडे पाहिलं.

"कोणाची ती?"

"खालच्या काकींची. खोलीची."

आईनं ती घेतली, उलटसुलट केली, पदराला पुसली. मग दारामागच्या खिळ्याला आमच्या चावीशेजारी अडकवली.

"दोन महिने म्हणालीस?"

"हो."

"आणि तिच्या खिडकीत डब्यात अळू लावलंय, त्याला पाणी कोण घालणार? ते सांगितलं का तिनं?"

"नाही."

"सांगणार कशाला! जीव टांगणीला लावून जायची खोडच आहे तिला." आईनं तांब्या भरला. खिळ्यावरची चावी काढली आणि जिना उतरायला लागली.