चहातली गोळी

"हिले काय इचारता म्याडम? मले इचारा."

असं म्हणून माह्या भावानं खुर्ची पुढं ओढली. मी बाजूलेच बसून होती. तोंड होतं मले, कान होते. बारावी पास आहे मी. पण त्या दिवशी दवाखान्यात मले भाजीच्या पोत्यासारखं आणून ठेवलं होतं.

म्याडम नव्या होत्या. स्किझोफ्रेनियाचा पेशंट किती सावरला, ते मोजायचे कागद घेऊन आल्या होत्या. पेशंट मी, सात वर्षांपासून. समोरचा उलटा कागद मी वाचून राह्यली होती. उद्याबद्दल आशा वाटते का? स्वतःचे निर्णय स्वतः घेता का? बाई गं! सात वर्षांत मले असं कोणीच इचारलं नव्हतं. मी मनात उत्तरं जुळवायले लागली.

आशेच्या प्रश्नावर भाऊ म्हणे, "लिहा, शांत आहे. पयले लय तरास द्यायची. आता कोपऱ्यात पडून राह्यते."

निर्णयाच्या प्रश्नावर तं तो हसलाच. "बह्याड बाईचे कायचे निर्णय हो?"

म्याडमही हसल्या. थोड्याशाच, पण हसल्या. खूण केली अन् पुढच्या प्रश्नावर गेल्या.

मले सांगायचं होतं, आवाज अजून येते. मेथी निंदताना मांगून शिव्या देते. मी म्हणते, थांब रे बाबा, एवढा वाफा होऊ दे. अन् वाफा पुरा करूनच उठते. हे शिकायले मले सात वर्षं लागले. भावाच्या "शांत" मध्ये हे कुठं बसते?

आमचं वावर गावाले लागून आहे. भाजी अनसिंगच्या बाजारात जाते. पिकवायची मी अन् विकायचीही मीच. तराजू माह्या हातात राह्यचा. मंग गेल्या वर्षी हात थरथरायले लागले. पारडं डुले, तोंडातून लाळ गळे, दिवसाढवळ्या झोप ये. एका बाजाराच्या दिवशी भावानं सगळ्या लोकाइसमोर तराजू हिसकला. "ऊठ! तुह्यानं गिऱ्हाइक पळून राह्यलं."

मी उठली. रोग वाढला असंच समजली. वर्षभर सोतालेच शिव्या घातल्या.

म्याडमनं पुढचा प्रश्न वाचला, "गोळ्या स्वतः घेतात का?"

मी तोंड उघडलं. रोज जेवण झालं की घेते, एक दिवस चुकवली नाही. पण भावाची जीभ माह्याहून चपळ.

"तिच्या हातात देतो म्याडम, पण हिचा काय भरोसा? थुकत असन. म्हणून माही बायको तेच गोळी मेडिकलातून आणून कुटते अन् हिच्या चहात घालते. वर्ष झालं. हिले मालूमही नाही." मोठी हुशारी केल्यासारखा बोलला तो.

वर्ष झालं. म्हणजे रोज एक माह्या हातानं अन् एक त्याइच्या हातानं. माहे हात रोगानं नव्हते थरथरत. वयनी रोज सकाळी पदरानं कप पुसून म्हणे, "घे वो बाई, गरम आहे." अन् मी तिचे उपकार मानत होती!

मी कागद ओढला. "खोडा हे सगळं. मी मेली नाही. मले इचारा, अन् याले बाहेर बसवा."

भाऊ लगेच म्हणे, "पाह्यलं म्याडम? असा झटका येते हिले."

"हा झटका नाही, भाऊ. हा राग आहे. तुले आला तं राग, अन् मले आला तं झटका काहून?"

म्याडमचा हात थांबला. यावेळी त्या हसल्या नाही. डाक्टरले बोलावलं. भाऊ बाहेर गेला. मी नवा कागद घेतला अन् एकेक उत्तर माह्या अक्षरात लिहिलं. अक्षर वाकडं आलं. येऊ दे.

चहातली गोळी बंद झाली. हातातली मी घेतेच, ती माही आहे. दोन महिन्यांत हाताची थरथर थांबली. बाजाराच्या दिवशी भावाच्या समोर जाऊन उभी राह्यली. तो जसा बोलला होता तसंच, तेवढ्याच आवाजात म्हटलं, "ऊठ." लोक पाहून राह्यले होते. तो उठला. तराजू आता माह्याजवळ आहे.

लोक म्हणते, माफ कर, शेवटी भाऊ आहे, तुह्या भल्यासाठीच केलं. माफी नाही. माहं एक वर्ष त्याइनं मले न इचारता झोपवलं.

घरात चहा आता मी करते. दोघाइच्या हातात कप मीच देते अन् समोर बसून राह्यते. वयनी कपात वाकून पाह्यते. भाऊ पयला घोट तोंडात धरून ठेवते, मंग गिळते.

मी साखर-पत्तीबिगर त्यात काहीच घालत नाही. पण हे त्याइले मी जिंदगीभर सांगणार नाही.