दादाचं रिकामं यंत्र

मैत्रिणींनो, आज मला तुमचं मत हवंय.

माझ्या दादाने इथे सुरतच्या उधन्यात तीस वर्षं माग चालवला. गेल्या वर्षी पक्षाघाताने त्याचा उजवा हात लुळा पडला. मेंदूला बाहेरून चुंबकाचे झटके देऊन असा हात हलतो का, यावर इथल्या एका रुग्णालयात सरकारी अनुदानातून संशोधन चाललंय. दादा त्यात आहे. काहींना खरे झटके देतात, काहींना नुसती यंत्राची टकटक. कोणाला काय मिळतं, ते सांगत नाहीत.

आज परतताना रिक्षात दादा म्हणाला, "माझं यंत्र रिकामं चालतं गं."

"तुला काय कळतंय?"

"मागावर धावणाऱ्या धोट्यातला धागा संपला की मला आवाजावरून कळायचं. शेजारच्याचं यंत्र वेगळं वाजतं."

"मग उद्यापासून नको जायला."

"वेडी आहेस का? कोणी रिकामं बसल्याशिवाय त्यांना फरक कसा कळणार? आणि हे बघ."

त्याचा उजवा अंगठा हलला. थोडासाच, पण हलला.

झटकाच नसेल, तर अंगठा हलवला कोणी? उद्या डॉक्टरांना दादाचा अंदाज सांगावा, की गप्प राहावं? तुम्ही काय केलं असतं?